दारू सोडण्याच्या मीटिंगा: शोधायच्या कशा, बसायचं कसं?

पाणपोई:
कपाट आवरताना मीटिंगांचं जुनं वेळापत्रक हाती लागलं आणि आठवलं, पहिल्या मीटिंगला जाताना निम्मा धीर पत्ता शोधण्यातच संपतो. माहीतगारांनी लिहा. सुरुवात मी करते. जुन्या छापील यादीवर विसंबू नका. गट जागा बदलतात, वेळ बदलतात, बंदही पडतात. एए म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या हेल्पलाइनला फोन करा आणि नेमकं विचारा: आज नक्की आहे ना, कुठल्या दाराने यायचं, कितवा मजला, ओपन की क्लोज्ड. बाहेर बरेचदा पाटीच नसते, असली तर नुसती 'एए' ही दोन अक्षरं. शाळेतली नाहीतर चर्चमधली एखादी खोली भाड्याने घेतलेली असते. चर्चमध्ये भरते म्हणून ती चर्चची होत नाही.

रातपाळी:
ओपनला कुणीही बसू शकतं. क्लोज्ड फक्त ज्याला स्वतःला पिणं सोडायचंय त्याच्यासाठी. बायको किंवा भाऊ सोबत येणार असतील तर ओपनच शोधा, नाहीतर त्यांना बाहेर थांबावं लागेल. अट एकच, पिणं सोडायची इच्छा. फॉर्म नाही, फी नाही. बस आली, बाकी नंतर.

चिऊताई:
मग ती टोपली कसली फिरवतात?

पाणपोई:
सातवी परंपरा, म्हणजे एएच्या बारा तत्त्वांपैकी सातवं. भाडं, चहा, पुस्तकं हा खर्च सभासदच करतात, बाहेरच्याची देणगी घेत नाहीत. नवख्याने टोपली तशीच पुढे सरकवली तर कुणी वळूनही बघत नाही.

अर्धाचमचा:
सगळे मीटिंगचं बोलताय, आधीचं राहिलं. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद करायचं नाही! शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम, ताप, थरथर. ते जिवावर बेततं. आधी डॉक्टर, गरज पडली तर दाखल होणं, बी-१ म्हणजे थायमिन वगैरे त्यांच्या सल्ल्याने. गट हे काम करत नाही, करायचंही नसतं. त्या दिवसांत हात कापायला लागले, नसलेलं दिसायला लागलं की सरळ तातडीच्या विभागात.

रातपाळी:
+१. अर्धाचमचांचं सगळ्यात वर हवं होतं.
आता आत काय होतं ते. साधारण तास-दीड तास. प्रस्तावना वाचतात, मग एकेक जण बोलतो. मध्ये कुणी तोडत नाही, सल्ला देत नाही. नवख्याला वाटतं कुणी दाद देत नाहीये, पण तो नियम आहे. आपली पाळी आली की 'आज फक्त ऐकतोय' म्हटलं की पुरे. आडनाव सांगायचं नाही, ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही. खरी कामाची बोलणी संपल्यावर खुर्च्या उचलताना होतात, म्हणून लगेच पळू नका. दोन-तीन फोन नंबर घ्या. ते प्यावंसं वाटेल तेव्हाचे, प्यायल्यानंतरचे नव्हेत.

उंटावरचा:
देवाबिवाचं जमत नाही बुवा. एएच्या बारा पायऱ्यांत, म्हणजे दारूतून बाहेर पडायच्या त्यांच्या टप्प्यांत, तो सारखा येतो.

अर्धाचमचा:
काका, 'आपल्याला उमगेल तसा' अशी मोकळीक तिथेच दिलेली आहे. तरी नको असेल तर स्मार्ट रिकव्हरी बघा, १९९४ पासून आहे. वर्तनोपचारावर बेतलेली, पायऱ्या नाहीत, स्पॉन्सर म्हणजे हात धरून नेणारा जुना सभासद नाही, चर्चा चालते. पण गट कमी, बरेच ऑनलाइन. आणि एएने फरक पडतो का, तर कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ जण होते. पूर्ण न पिण्याच्या बाबतीत पद्धतशीर बारा-पायरी उपचार इतर उपचारांपेक्षा सरस निघाले.

उंटावरचा:
आकडे देऊन गप्प केलंत की.

निवडुंग:
एक मीटिंग आवडली नाही म्हणून सोडू नका. प्रत्येक गटाची हवा निराळी, कुठे नुसतं वाचन, कुठे एकच वक्ता तासभर. निदान चार-पाच वेगवेगळे गट बघावेत, मग एकाला आपला म्हणावं. स्पॉन्सर घाईने ठरवू नका. पुरुषाला पुरुष, बाईला बाई हा संकेत उगाच नाही. नव्या आलेल्यांशी सलगी करणारे महाभाग सगळीकडे भेटतात. आणि जो औषधं बंद कर म्हणतो त्याला रामराम. गोळ्यांचा निर्णय डॉक्टरचा.

चिऊताई:
घरच्यांचं काय? भाऊ जायला तयार नाही.

निवडुंग:
अल-अ‍ॅनॉन, ताई. १९५१ पासून, पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी आणि मित्रांसाठी. तो जावो न जावो, तुम्ही जाऊ शकता. त्याला कसं थांबवायचं हे तिथे शिकवत नाहीत, आधीच सांगून ठेवते. त्याच्या बाटल्या शोधणं, कामावर त्याच्यासाठी खोटे फोन करणं, हे आपण का सोडायचं ते कळतं.

चिऊताई:
खोटे फोन… हं. बरं, ऑनलाइनला तो कदाचित बसेल. चेहरा दाखवायचा नाहीये.

रातपाळी:
बहुतेक ठिकाणी कॅमेरा बंद चालतो. पण जॉइन होण्याआधी नाव बदलायला सांगा, मोबाइल-लॅपटॉपवर पूर्ण नाव आपोआप झळकतं. हेडफोन लावावा. ऑफिसचं अकाउंट तर अजिबात नको.

चिऊताई:
बरं झालं बोललात. ऑफिसचाच लॅपटॉप आहे त्याच्याकडे.

उंटावरचा:
चिऊताई, अल-अ‍ॅनॉनचंही ऑनलाइन असतं हो. दोघं दोन खोल्यांत बसा.