मदत हवी आहे: ओलीस मुलीचे सीन तिला न घाबरवता कसे शूट करावेत?

नमस्कार मंडळी,

आम्ही काही मित्र मिळून एक थ्रिलर करतोय. बजेट तुटपुंजं. वसुलीला आलेला माणूस सात वर्षांच्या मुलीला तिच्याच घरातल्या मागच्या खोलीत कोंडतो आणि बापाच्या फोनची वाट बघत बसतो. जवळजवळ सगळा सिनेमा त्या एका खोलीत. सासवडजवळ ओळखीतलं जुनं घर मिळालंय, त्यामुळे लोकेशनची चिंता नाही.

अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. दिग्दर्शकाचं म्हणणं, पोरीला आधी काही सांगायचं नाही, दार धाडकन लावायचं, मग येईल ते रडू खरं. मी सहाय्यक आहे आणि मला हे अजिबात मान्य नाही. बालकामगार नियमांत २०१७ साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे मुलाच्या इच्छेविरुद्ध काम करून घेताच येत नाही. आणि नियम बाजूला ठेवले तरी, एकदा भेदरलेलं मूल दुसऱ्या टेकला त्या खोलीत पाऊल टाकेल का?

माझ्या डोक्यात असं आहे: आई कायम कॅमेऱ्याशेजारी, मुलीच्या नजरेसमोर. हात बांधायचे ते सुती ओढणीने, गाठ न मारता नुसते वेढे, आणि टोकं तिच्याच मुठीत. नको वाटलं की मूठ उघडायची, सुटली. तिच्या क्लोजअपला खलनायक सेटवर नकोच, त्याचं ओरडणं नंतर डबिंगमध्ये. तिला एवढंच सांगायचं, "बाहेर पावलं वाजतायत का, कान देऊन ऐक." रात्रीचे सीन दिवसाच, खिडक्यांना काळं कापड लावून, तसंही तिच्याकडून दिवसाला पाच तास आणि विश्रांतीशिवाय तीन तासांपेक्षा जास्त काम करून घेता येत नाही.

ज्यांनी मुलांसोबत काम केलंय त्यांनी कृपया सांगा: वेढ्यांची ही युक्ती क्लोजअपमध्ये खोटी दिसते का? खलनायकाचं काम करणाऱ्याशी तिची आधी गट्टी जमवावी, की त्याने सीनमधली भीतीच जाते?

दुसरं, परवानगीचं. जिल्हाधिकाऱ्यांकडे नमुना 'सी'मधलं हमीपत्र, पालकांची संमती आणि मुलीच्या सुरक्षेची जबाबदारी घेणाऱ्याचं नाव द्यायचं, हे माहीत आहे. तिच्या मानधनातले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत तिच्या नावे मुदत ठेवीत टाकणार आहोत. पण पुण्यात हा अर्ज प्रत्यक्षात कोणत्या शाखेत घेतात आणि किती आधी द्यावा? शाळा बुडू नये म्हणून शूट दिवाळीच्या सुट्टीत लावतोय, तेव्हा तारीख पुढे ढकलता येणार नाही.