चाळीस अंश म्हणजे वीस अंशांची दुप्पट नव्हे

कृष्णाकाठ (सांगली):
काल आमच्या गटात एका सद्गृहस्थांनी दोन विधाने ठणकावून केली. जानेवारीत सकाळी पारा वीस अंशांवर होता आणि आता दुपारी चाळीसवर आहे, म्हणजे उष्णता बरोबर दुप्पट झाली, हे पहिले. ताप अजूनही फॅरनहाइटमध्ये मोजणे ही इंग्रजांची गुलामी असून सेल्सिअस हीच एकमेव शास्त्रीय पद्धत आहे, हे दुसरे. त्यावर टाळ्यांचा पाऊस पडलेला पाहून राहवले नाही.

हेच वीस आणि चाळीस फॅरनहाइटमध्ये मांडले तर ६८ आणि १०४ होतात. मग दुप्पट कोठे गेली? हवा तीच आहे, बदलली ती फक्त शून्याची जागा. दुप्पट-तिप्पट ही भाषा केल्विनच्या मापातच चालते, कारण तेथला शून्य कोणी सोयीने ठेवलेला नाही, त्याच्याखाली तापमानच नाही. त्या मापात आपण २९३.१५ वरून ३१३.१५ वर आलो, म्हणजे वाढ सात टक्क्यांच्याही आत.

गुलामीविषयी एवढेच सांगतो की फॅरनहाइट जन्मला डॅन्झिगला (आजच्या पोलंडमधल्या ग्दान्स्कला) आणि थर्मामीटर बनवत होता हॉलंडात. १७२४ साली त्याने बर्फ, पाणी आणि नवसागराच्या मिश्रणाला ०, नुसत्या बर्फ-पाण्याला ३२ आणि निरोगी शरीराला ९६ असे आकडे दिले. सेल्सिअसने १७४२ मध्ये पाणी उकळते तेथे ० आणि गोठते तेथे १०० धरले होते. ते उलटे माप पुढे इतरांनी सुलटे केले. दोघांनीही आपापल्या सोयीच्या खुणा निवडल्या, मग एक शास्त्रीय आणि दुसरा अडाणी कसा?

निवृत्त गुरुजी (कराड):
गणित मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. शून्याला गोठणारे आणि शंभराला उकळणारे पाणी सातवीच्या मुलाला डोळ्यांनी दाखवता येते. नवसागराचे मिश्रण मी कोणत्या वर्गात दाखवायचे होते? शिवाय त्या ३२ ने पिढ्यान्‌पिढ्या घोळ घातला आहे. तापमानात दीड अंशाची वाढ झाली की लोक नऊ पंचमांशाने गुणून वर ३२ मिळवतात आणि ३४.७ फॅरनहाइटची वाढ सांगून मोकळे होतात. अहो, फरकाला ३२ मिळवायचे नसतात. उत्तर २.७ आहे. हे मी एकतीस वर्षे फळ्यावर लिहिले आणि माझ्याच सुशिक्षित जावयाने गेल्या महिन्यात तीच चूक केली.

विश्रामबागची आई (सांगली):
आपल्या वादात माझी एक रात्र मिळवा. नवा डिजिटल थर्मामीटर आणला होता, मुलगी तापाने फणफणली होती आणि काचेवर आकडा आला ३८.९. आमच्या घरात ताप शंभरापासून सुरू होतो, त्यामुळे यंत्र बिघडले असे समजून मी तासभर नुसत्या पाण्याच्या पट्ट्या ठेवत बसले. पहाटे शेजारच्या परिचारिका ताईंनी तो १०२ असल्याचे सांगितले. हवा सेल्सिअसमध्ये आणि ताप फॅरनहाइटमध्ये, हीच आमची मातृभाषा आहे. ती कोणी शास्त्राच्या नावाने बदलायला येऊ नये.

गुरुजी:
ताई, दोष मापाचा नाही, सवयीचा आहे.

स्ट्रॉबेरीवाला (महाबळेश्वर):
गुरुजी, आपले शून्याला गोठणारे पाणी आमच्या शेतावर घेऊन या. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात पहाटे रोपांच्या पानांवर पांढरा थर होता, दुपारपर्यंत पाने काळी पडली. पाहणीला आलेल्या साहेबांनी नोंदवही दाखवली की त्या रात्री किमान तापमान सहा अंश होते, म्हणून हिम पडणे शक्यच नाही. सहा अंशाला बर्फ कसा झाला, हे कोणत्याही मापात सांगा.

गुरुजी:
ते दव असावे. शेतकऱ्याला नुकसान नेहमी पांढरेच दिसते.

स्ट्रॉबेरीवाला:
दव आणि बर्फ यांतला फरक मला शिकवू नका. मी तो थर नखाने खरवडला आहे. वेण्णा तलावाच्या काठी आणि लिंगमळ्यात दवबिंदू गोठल्याची छायाचित्रे दर हिवाळ्यात आपणच कौतुकाने पाहता आणि शेतकरी तेच बोलला की तो लबाड ठरतो.

कृष्णाकाठ:
गुरुजी, येथे आपण चुकता आहात. नोंदवहीतले सहा अंशही खरे आणि पानावरचा बर्फही खरा. हवेचे तापमान झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर मोजतात. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री गवत आणि पाने आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहतात आणि वरच्या हवेपेक्षा कितीतरी अंश थंड होतात. पान शून्याखाली गेले की त्यावर बर्फ धरतो. चुकला तो पेटीतला आकडा पानाला लावणारा.

जाता जाता, आपले शंभरही महाबळेश्वरात उकळत नाही. सुमारे साडेतेराशे मीटर उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने पाणी साधारण ९५-९६ अंशालाच उकळते. म्हणून तर १९५४ साली केल्विनच्या व्याख्येसाठी पाण्याचा त्रिक बिंदू घेतला, जेथे बर्फ, पाणी आणि वाफ एकत्र नांदतात, आणि त्याला २७३.१६ हा आकडा दिला. २०१९ पासून पाणीही गेले. आता बोल्ट्झमन स्थिरांकाची, म्हणजे तापमान आणि कणांची ऊर्जा यांना जोडणाऱ्या ठरावीक आकड्याची, किंमत ठरवून केल्विन बांधला आहे आणि सेल्सिअस म्हणजे त्यातून २७३.१५ वजा, एवढेच. आपले शास्त्रीय माप दुसऱ्याच्या आधाराने उभे आहे.

गुरुजी:
पाण्याला हाकलून लावल्याबद्दल जगाची मापे ठरवणाऱ्या पॅरिसच्या विद्वानांचे अभिनंदन. मुलांना मी बोल्ट्झमन स्थिरांक उकळून दाखवीन. दवाविषयीचे विधान मागे घेतो, स्वर मात्र स्ट्रॉबेरीवाल्यांनीच आधी चढवला होता.

स्ट्रॉबेरीवाला:
मागे घेतले, एवढे पुरे. आता हेच नोंदवहीवाल्यांना कोण लिहून देणार? येत्या डिसेंबरात मुक्कामाला या. गवत आमचे, थर्मामीटर आपला.

गुरुजी:
येतो. सेल्सिअसचाच आणीन.

विश्रामबागची आई:
थंडीने ताप भरला तर मात्र माझा फॅरनहाइटवाला मागू नका.