हायवेलगतच्या रानात होर्डिंग: परवानगी कुणाची घ्यायची?

पाकणीकर:
नमस्कार. सोलापूरजवळ पाकणीला पुणे हायवेला लागून आमचं रान आहे. एक एजन्सीवाला बांधावर होर्डिंग उभं करतो म्हणतोय, वर्षाचं भाडं आगाऊ द्यायलाही तयार आहे. "ग्रामपंचायतीचा दाखला तेवढा आणा, बाकीचं आम्ही बघतो," म्हणाला. वडील म्हणतात, जमीन आपली, कोण काय विचारतंय? मला मात्र धाकधूक वाटते. खड्डा खणायच्या आधी काय बघावं?

तुळजापूर रोड ढाबा:
दादा, आधी हद्द बघा. आमच्या ढाब्याची पाटी नाल्याच्या अलीकडे होती. एके दिवशी जेसीबी आला आणि पाटी उचलून नेली. भांडायला आमच्याकडे कागदच नव्हता.

स्ट्रक्चरवाला सोलापूर:
मी होर्डिंगच्या सांगाड्यांची डिझाइन तपासतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बांध तुमचा आहे का, हेच आधी ठरू द्या. चौपदरीकरणात जी पट्टी संपादित झाली, ती ३ड ची (महामार्ग कायद्यातल्या संपादन जाहीर करणाऱ्या कलमाची) अधिसूचना निघाल्यावर केंद्र सरकारची झाली, मग सातबाऱ्यावर नोंद मागाहून का होईना. त्या पट्टीत राष्ट्रीय महामार्गाच्या कायद्याप्रमाणे (२००२ चा) विनापरवाना काही उभं करता येत नाही, आणि व्यापारी जाहिरातीला तिथे साधारणपणे परवानगी मिळत नाही. भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या आणि भूसंपादनाचा नकाशा शेजारी ठेवून बघा.

हद्दीबाहेर निघालात तरी मोकळं रान नाही. शेतीच्या भागात रस्त्याच्या मध्यापासून ४० मीटरवर बिल्डिंग लाइन (तिच्या आत बांधकाम नको), ७५ मीटरवर कंट्रोल लाइन (तिच्या आत बांधकामावर नियंत्रण) धरतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ४६ या रस्त्याकडेच्या जाहिरातींच्या नियमावलीत चौक किंवा पुलापासून १०० मीटरच्या आत आणि वाहतुकीच्या फलकापासून ५० मीटरच्या आत जाहिरात नको, असं म्हटलंय. त्यात तुमच्याकडे तेल डेपोचे टँकर वळतात, तिथे ड्रायव्हरची नजर फलकावर गेलेली परवडणार नाही. शेतजमिनीवर जाहिरात म्हणजे बिगरशेती वापर, तेव्हा तहसीलमध्येही विचारा. नुसता ग्रामपंचायतीचा दाखला पुरत नाही. महापालिकेच्या हद्दीत असतात तर महापालिका कायद्याच्या कलम २४४ खाली आयुक्तांची परवानगी लागली असती.

आता खरं काळजीचं. तुमची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वरवरचा पाया त्यात हलतो, बेसप्लेटचे (खांबाखालच्या लोखंडी पत्र्याचे) बोल्ट सैल पडतात, आणि ते गवतात झाकलेले असल्यानं कुणाला दिसत नाही. वर फ्लेक्स ताणलेला असतो, तो वारा अख्खा अडवतो. वळवाचं वादळ आलं की सगळा जोर त्या बोल्टांवर. १७ एप्रिल २०२३ ला पिंपरी-चिंचवडच्या किवळ्यात महामार्गालगत होर्डिंग कोसळून पाच जण गेले. बिचारे वादळ-पावसापासून आडोसा घ्यायला थांबले होते. त्यात जागामालकावरही गुन्हा दाखल झाला. घाटकोपरला १३ मे २०२४ ला जे पडलं ते १२० बाय १२० फूट होतं, मुंबईत मर्यादा ४० बाय ४० ची. १७ जणांचा जीव गेला. ही माणसं वाचू शकली असती, हे मला अजून टोचतं.

पाकणीकर:
वडिलांना वाचून दाखवलं. म्हणाले, मोजणीचा अर्ज टाक. एजन्सीवाल्याला काय सांगू?

स्ट्रक्चरवाला सोलापूर:
त्याला म्हणा, आधी परवानगीची प्रत दाखवा, मगच करार. मातीची चाचणी करून पायाचं डिझाइन, आयएस ८७५ भाग ३ (वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक) प्रमाणे वाऱ्याचा हिशेब, स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही आणि तिऱ्हाइताला इजा झाली तर भरपाई देणारा विमा, हे सगळं करारात लिहून घ्या. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी बोल्ट तपासायचे, आणि करार संपला की सांगाडा काढून न्यायचा, हेही. ॲडव्हान्स तोवर घेऊ नका. मोजणीचा नकाशा आला की इथे टाका, मी बघतो.