मज्जारज्जूच्या इजेवर मूळ पेशींचे उपचार: जमीन विकून करावेत का?

प्रश्न (रत्नागिरीहून)
माझा धाकटा भाऊ, वय २९, गेल्या वर्षी आंबे काढताना झाडावरून पडला आणि त्याच्या पाठीच्या दहाव्या मणक्याचा चुरा झाला. शस्त्रक्रिया करून सळ्या बसवल्या, परंतु बेंबीखाली संवेदना नाही की हालचाल नाही. कागदावर ‘ए श्रेणी, संपूर्ण इजा’ असे लिहिले आहे. या घटनेला आता पंधरा महिने झाले. एका खासगी केंद्राने त्याच्याच अस्थिमज्जेतून मूळ पेशी (स्टेम सेल) काढून त्या कमरेतून सुईने सोडण्याचे तीन डोस सुचवले आहेत व सात लाख खर्च सांगितला आहे. त्यातच जपानमध्ये अशा उपचारानंतर एक रुग्ण उभा राहिल्याची बातमी वाचली आणि वडिलांनी रस्त्यालगतची दहा गुंठे जमीन विकण्याचे जवळजवळ ठरवले. जपानमध्ये झाले ते इथे होईल का?

उत्तर १ (पुनर्वसन विभागातील डॉक्टर)
बातमी खरी आहे, पण तो उपचार वेगळा आहे. टोकियोच्या केइओ विद्यापीठात हिदेयुकी ओकानो यांच्या गटाने आयपीएस पेशींपासून (प्रौढ पेशींना पुन्हा मूळ अवस्थेत नेऊन बनवलेल्या पेशींपासून) चेतापेशींच्या पूर्वपेशी तयार केल्या आणि प्रत्येकी सुमारे २० लाख पेशी थेट मज्जारज्जूत सोडल्या. रुग्ण अवघे चार होते, आणि प्रत्येकाची इजा दोन ते चार आठवड्यांपूर्वीची होती. २०२५ च्या मार्चमध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार दोघांत सुधारणा दिसली व त्यांपैकी एक जण उभा राहू लागला. मात्र तुलनेसाठी उपचार न दिलेला गट नव्हता आणि सुरुवातीच्या महिन्यांत काही रुग्ण आपोआपही सुधारतात, त्यामुळे श्रेय पेशींना किती द्यायचे हे चार रुग्णांवरून ठरत नाही.

पंधरा महिन्यांनी परिस्थिती बदललेली असते. इजेच्या जागी पोकळी आणि व्रणाची ऊती तयार होते व चेतातंतूंना तिच्यातून वाट काढता येत नाही. शिवाय अस्थिमज्जेतील ज्या पेशी आपल्याकडे विकल्या जातात, त्यांच्यापासून नव्या चेतापेशी बनतात असे सिद्ध झालेले नाही. त्या दाह कमी करणारी रसायने स्रवत असाव्यात, एवढाच त्यांच्यामागचा तर्क आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक विकारांसाठी होणारे प्रत्यारोपण वगळता मूळ पेशींचा वापर फक्त मान्यताप्राप्त वैद्यकीय चाचणीतच करता येतो. त्यामुळे केंद्राला चाचणीचा सीटीआरआय (देशातील वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा. खरी चाचणी असेल, तर प्रयोगातल्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत.

उत्तर २
डॉक्टरांचे सर्व मान्य करूनही विचारतो, ज्याचे पाय गेलेच आहेत त्याने आणखी गमावण्यासारखे काय उरते?

उत्तर १ (पुन्हा)
बरेच उरते. लिस्बनमध्ये नाकातील अस्तराच्या पेशी मज्जारज्जूत बसवून घेतलेल्या एका अमेरिकी तरुणीला आठ वर्षांनी पाठदुखी सुरू झाली आणि शस्त्रक्रियेत श्लेष्मा स्रवणारी गाठ निघाली. २०१४ मध्ये हे प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आपल्या रुग्णाचे हात पूर्ण शाबूत आहेत हेही विसरू नका.

उत्तर ३ (अकरा वर्षे व्हीलचेअरवर)
मी असे दोन डोस घेतले आहेत. पहिल्यानंतर मांडीत ऊब जाणवल्याचे मी सर्वांना आनंदाने सांगितले, परंतु तपासणीची श्रेणी आजही तीच आहे. त्या धावपळीत माकडहाडावर शय्याव्रण (एकाच जागी सतत दाब पडून होणारी जखम) झाला तो वेगळाच, आणि त्यानेच मला चार महिने पालथे झोपवले. भाऊ दिवसातून किती वेळा कूस बदलतो, लघवीचा कॅथेटर (नळी) स्वतः घालतो की कायमची पिशवी लावली आहे, पलंगावरून खुर्चीत एकटा उतरतो का, हे तुम्ही लिहिलेले नाही. मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. मी तिथेच हे सर्व शिकलो आणि आता दुकान चालवतो.

प्रश्नकर्ता
केंद्राला दूरध्वनी करून नोंदणी क्रमांक विचारला, तेव्हा ‘हा उपचार आहे, चाचणी नव्हे, त्यामुळे क्रमांक लागत नाही’ असे उत्तर मिळाले. वडिलांना ते तसेच ऐकवले. ते अजून काही बोललेले नाहीत. पिशवी कायमचीच आहे आणि खुर्चीत त्याला दोघे जण उचलून बसवतात. हाजीअलीला जाताना कोणती कागदपत्रे न्यावी लागतील, हे कृपया कळवावे.