मदत हवी आहे: मोठ्या स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात क्लेवरची सांघिक प्रदर्शनी स्पर्धा, मुलीनं खेळावी का?

नमस्कार मंडळी,

लेक सतरा वर्षांची आहे, ज्युनिअर गटात टेनिस खेळते. या मोसमातली तिची सगळ्यात मोठी स्पर्धा क्लेवर (मातीच्या कोर्टवर) आहे आणि नेमकं त्याच्या आदल्या आठवड्यात एका प्रायोजकाच्या सांघिक प्रदर्शनी स्पर्धेचं आमंत्रण आलंय. तीही क्लेवरच. चार संघ, प्रत्येकाची प्रत्येकाशी लढत, एका लढतीत दोन एकेरी आणि एक दुहेरी, मग पहिल्या दोघांत अंतिम लढत. रँकिंगचे गुण नाहीत, मानधन आहे. होकार-नकार लवकर कळवायचाय. कोच म्हणतात खेळू दे, फिजिओ म्हणतात नको. दोघांचंही पटतं, म्हणून इथे विचारतेय.

कोचचा मुद्दा असा. पोरगी वर्षभर हार्ड कोर्टवर खेळलेली, त्यामुळे क्लेवर ती आधी थांबते, फटका मारते आणि मग घसरते. खरं तर घसरत घसरत चेंडूपर्यंत पोचायचं, फटका तिथेच मारायचा आणि त्याच झोकात परत फिरायचं. तिच्या घसरण्याच्या खुणा फटक्याच्या जागेपासून बाहेरच्या बाजूला गेलेल्या दिसतात. म्हणजे दर फटक्याला दोन पावलं परत येण्यातच जातात. हे सरावात सुधारतं, सामन्यात गुण पणाला लागले की पुन्हा जुनी सवय. बाद पद्धतीची सराव-स्पर्धा घेतली आणि पहिल्याच फेरीत हरली, तर आठवडाभर बसून राहायचं. इथे हरली तरी तीन सामने पक्के.

याला मोठा दाखलाही आहे. जर्मनीत ड्युसेलडॉर्फला 1978 ते 2012 पर्यंत फ्रेंच ओपनच्या (पॅरिसमधल्या क्लेवरच्या मोठ्या स्पर्धेच्या) तोंडावर वर्ल्ड टीम कप व्हायचा: आठ देश, चार-चारचे दोन गट, दोन एकेरी, एक दुहेरी. प्रायोजकाचं नाव स्पर्धेच्या नावातच असायचं. लोक त्याला हलकं समजायचे, पण पॅरिसच्या आधी क्लेवर खात्रीचे तीन सामने मिळणं ही छोटी गोष्ट नव्हती. पुढे तो आठवडा जिनिव्हाच्या स्पर्धेकडे गेला. स्वित्झर्लंडचा वावरिंका 2017 मध्ये जिनिव्हा जिंकून पॅरिसला अंतिम फेरीत पोचला, नॉर्वेचा रूड 2022 मध्ये तसाच. म्हणजे आदल्या आठवड्यात खेळलं की संपलं, असं नाही. उलट नदाल तो आठवडा मोकळा ठेवायचा, आणि त्याच्याकडे फ्रेंच ओपनची चौदा विजेतेपदं आहेत!

फिजिओंची काळजी वेगळीच आहे. लेकीचा जांघेतला स्नायू मागच्या मोसमात दुखावला होता, आणि घसरताना ताण नेमका तिथेच येतो. एकटी खेळत असेल तर ठणका लागल्यावर सामना सोडेल. पण लढत 1-1 वर आहे, दुहेरी बाकी आहे, बाकावरून संघ ओरडतोय, अशा वेळी ही मुलगी कधीही ‘मला दुखतंय’ म्हणणार नाही. मी तिला ओळखते. मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते.

त्यात करारात ‘आयोजक सांगतील त्या सामन्यांत खेळणं बंधनकारक’ असं वाक्य आहे. शिवाय लहान मुलांचं शिबिर, फोटो, प्रायोजकांबरोबर जेवण. संध्याकाळी बर्फ लावून पाय वर करून पडायची वेळ या सगळ्यात जाणार. तिची रॅकेट कंपनी आणि त्यांचा प्रायोजक यांचे लोगो एकत्र चालतील का, तेही विचारायचंय.

अशा स्पर्धेत कुणी खेळलं असेल, किंवा मुलांना पाठवलं असेल, तर सांगा: करारात काय बदलून घेता येतं? आणि फक्त एकेरी खेळते म्हटलं तर आयोजक ऐकतात का?

प्रतिसाद:
ताई, सगळ्यात आधी चेंडू कुठला आहे ते विचारा. कोर्ट तेच असलं तरी चेंडू बदलला की टायमिंग बदलतं. फ्रेंच ओपनमध्ये 2020 ला बॅबोलाट कंपनीचा चेंडू जाऊन विल्सनचा आला, त्यात स्पर्धा थंडीत झाली. चेंडू जड आहे अशी तक्रार खुद्द नदालनं केली होती. (तरी एकही सेट न गमावता जिंकला, ते सोडा.) दोन्हीकडचे चेंडू वेगळे असतील, तर मोठ्या स्पर्धेच्या चेंडूंचे डबे बरोबर द्या आणि सकाळचा सराव त्याच चेंडूंवर करू द्या. तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा सुपर टायब्रेक आहे का, तेही बघा. असेल तर पायांवरचा भार कमी, पण लांबलेल्या तिसऱ्या सेटचा सराव मात्र होणार नाही.

प्रतिसाद:
ते ‘बंधनकारक’ वाक्य काढून घ्याच. त्याजागी ‘खेळाडूच्या फिजिओच्या सल्ल्यानुसार कोणत्याही टप्प्यावर राखीव खेळाडू उतरवता येईल’ असं लेखी घ्या. आणि हा निर्णय मुलीवर सोडू नका. सामना थांबवायचा अधिकार कोच किंवा फिजिओ यांच्यापैकी एकाच्या हातात द्या आणि संघाच्या कर्णधाराला पहिल्याच दिवशी सांगा. मग माघार घेतली तरी संघाला दगा दिला असं तिला वाटणार नाही.

प्रश्नकर्ती:
दोघांचेही खूप आभार. चेंडूंचं तर डोक्यातच आलं नव्हतं. आयोजकांशी बोलले: दुहेरीतून सूट द्यायला तयार आहेत, राखीव खेळाडूचं कलमही घालतायत. शिबिर एकाच सकाळी, जेवण ऐच्छिक. लोगोचं अजून लटकलंय. फिजिओ या अटींवर ‘बघू’ म्हणाल्यात, तेवढंही मला पुष्कळ वाटलं.

आता एकच अडतंय. अंतिम लढत शनिवारी आणि मोठी स्पर्धा सोमवारी सुरू. संघ अंतिम लढतीत गेला तर मी तिला उतरवणार नाही, हे माझं ठरलंय. हे कर्णधाराला आत्ताच सांगावं, की गटातल्या लढती झाल्यावर? आधी सांगितलं तर तिला संघात घेतील का, अशी शंका येते. नंतर सांगणं मात्र मला बरोबर वाटत नाही. संघाचं कर्णधारपद सांभाळलेलं कुणी इथे असेल तर कृपया लिहा.