मदत हवी आहे: हेडसेटमध्ये अल्टरनेटरची शिट्टी
नमस्कार मंडळी. घरी बांधत असलेल्या दोन आसनी, ॲल्युमिनियमच्या विमानाचं वायरिंग जवळजवळ संपलं आहे, पण हेडसेटमधली एक बारीक शिट्टी काही केल्या जात नाही. इंजिनाचे फेरे वाढवले की सूर चढतो. अल्टरनेटरचं (इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राचं) फील्ड, म्हणजे त्याच्या चुंबकाला दिलेला प्रवाह, बंद केला की एकदम शांत. म्हणजे चोर कोण ते कळलंय, तो आत कुठून शिरतो ते कळत नाही.

सिस्टीम १२ व्होल्टची, वायर टेफझेल आवरणाची, अँटेनाला आरजी-४०० कोॲक्स (धातूच्या जाळीने वेढलेली केबल). माइक-हेडफोनच्या शील्डेड वायरची जाळी फक्त इंटरकॉमच्या (हेडसेटवरून आपसात बोलायच्या यंत्राच्या) टोकाला जोडली आहे. मात्र हेडसेट खोचायचे जॅक थेट धातूच्या पॅनेलवर बसवलेत, वीज अडवणारे फायबरचे वॉशर न घालता (आळस, दुसरं काय!). शिवाय इंटरकॉमचं ग्राउंड (प्रवाह परत नेणारी जोडणी) पॅनेलमागच्या सांगाड्याला आणि रेडिओचं फायरवॉलवरच्या (इंजिन आणि कॉकपिटमधल्या भिंतीवरच्या) ग्राउंड पट्टीला. ग्राउंड लूप (वेगवेगळ्या ग्राउंडमधून फिरणारा नको असलेला प्रवाह) इथेच होत असेल का? आधी जॅक इन्सुलेट करू, की सगळी ग्राउंड एका जागी आणू? पॅनेल पुन्हा उघडायचं म्हणजे दोन दिवस उताणं पडून मान मोडून घ्यायची, म्हणून आधी विचारतोय. अल्टरनेटरच्या आउटपुट वायरवर फिल्टर लावायचा सल्लाही मिळाला, पण ते मला आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी वाटतं. कुणी लावून पाहिलाय का?