मदत हवी आहे: बोलताना बाहुली छताकडे बघते

नमस्कार मंडळी. सोलापुरात तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी टीव्हीवरचा बाहुल्यांचा कार्यक्रम बसवतोय. बाहुल्या इथल्याच टर्किश टॉवेलच्या कापडाच्या, आत फोम. ते कापड दिव्याखाली चकाकत नाही, अगदी मऊ दिसतं.

बाहुलीच्या वरच्या जबड्यात आपली चार बोटं असतात आणि खालच्या जबड्यात अंगठा. बोलताना ती चार बोटं वर उचलली जातात आणि बाहुलीची नजर छताकडे जाते. एवढ्या लहान मुलांना ती आपल्याकडेच बघतेय असं वाटायला हवं ना! अंगठा खाली न्यायचा हे कळतं, पण हात डोक्याच्या वर उंच धरून आणि डोळे मॉनिटरवर (कॅमेऱ्यातलं चित्र दाखवणाऱ्या पडद्यावर) ठेवून ते जमत नाही. सराव कसा घ्यावा? जबड्याच्या घडीपाशी फोमही फाटतो. तिथे कॅनव्हास लावू की रेक्झिन? सिंधुदुर्गातल्या पिंगुळीची कळसूत्री (दोऱ्यांनी नाचवायच्या बाहुल्यांची) परंपरा मोठी, पण आम्हाला हातात घालायच्या बाहुल्या शिकवणारं कुणी हवंय. सोलापूर-पुण्याकडचं कुणी माहीत असेल तर कृपया सांगा.